सिस्टरच्या नावाने उघडलेली फाइल

ते प्रकरण मी विसरलेलो नाही. नोकरीत पाहिलेल्या खुनांचे तपशीलही आता पुसट होत चालले आहेत, पण बेळगावच्या एका हॉस्पिटलमधली ती फाइल आणि तिच्यापायी तोंड लपवावे लागलेली दोन घरे अजून डोळ्यांसमोरून हलत नाहीत. त्यात रक्त सांडले नव्हते, कुणाची तिजोरी फुटली नव्हती. तरी आठवण झाली की मान खाली जाते.

माझ्या निवृत्तीला वर्ष-दीड वर्ष राहिले होते. माहिती तंत्रज्ञान कायद्याखालच्या गुन्ह्याचा तपास इन्स्पेक्टरच्या खालच्या अधिकाऱ्याला करता येत नाही. त्यामुळे संगणकातले ओ की ठो कळत नसताना ते कागद माझ्या टेबलावर आले.

फिर्याद हॉस्पिटलच्या ट्रस्टने दिली होती. हकिगत अशी. बोरगावच्या एका जैन शेतकरी कुटुंबातली मुलगी निपाणीला हायस्कूलमध्ये शिक्षिका होती. चिकोडीकडच्या एका घरात तिचे लग्न ठरले होते, सुपारी फुटली होती, कार्यालयही सांगून झाले होते. अशात नवऱ्या मुलाच्या मामाच्या मोबाइलवर एक फोटो येऊन पडला. संगणकाच्या पडद्याचा फोटो. त्यावर मुलीचे नाव, गाव, आणि काही वर्षांपूर्वी तिने या हॉस्पिटलच्या मानसोपचार वॉर्डात राहून उपचार घेतल्याची माहिती. मुलाकडच्यांनी भांडण केले नाही. मधल्या माणसाकरवी निरोप धाडला, पोरगी चांगली आहे, पण आम्हाला जमणार नाही.

मुलीचे मामा तडक हॉस्पिटलात गेले आणि त्यांनी बाहेरच्या हॉलमध्ये सगळ्यांसमोर आवाज चढवला. ट्रस्टने तातडीने चौकशी लावली. संगणक विभागाच्या प्रमुखांनी सांगितले की अमुक दिवशी दुपारच्या जेवणाच्या सुमारास ती फाइल उघडली गेली आणि ती मानसोपचार वॉर्डातल्या एका ज्येष्ठ सिस्टरच्या नावाने व पासवर्डने उघडली गेली. त्याच संध्याकाळी, त्याच हॉलमध्ये, सगळ्या स्टाफदेखत सिस्टरच्या गळ्यातले ओळखपत्र काढून घेण्यात आले. दुसऱ्या दिवशी फिर्याद आमच्याकडे आली. त्यात सिस्टरचे नाव होतेच.

हातात आयते नाव आले की पोलीस फार लांब चालत नाही. खरे तर फोटो कुणाकडून कुणाकडे गेला ते पहिल्यांदा शोधायला हवे होते. मी एका हवालदाराला मुलाच्या मामाकडे पाठवलेही. मामाने सांगितले, फोटो पुसून टाकला, कुणी धाडला ते आठवत नाही. भावकीतल्या माणसाचे नाव सांगून तो नाते तोडणार नव्हता. आमचेही तेवढ्यावर समाधान झाले. नाव तर मिळालेच होते.

सिस्टर येळ्ळूरच्या. पन्नाशीला टेकलेल्या, नवरा उद्यमबागेत फाउंड्रीत कामाला. स्त्रीला चौकशीसाठी ठाण्यात बोलवायचे नाही, तिच्या राहत्या घरी जायचे, असा नियम आहे. आम्ही नियम पाळला. महिला कॉन्स्टेबल आणि जबाब लिहिणारा राइटर यांना घेऊन मी त्यांच्या घरी गेलो. जीप गल्लीत त्यांच्या दारासमोरच उभी केली. नियम जीप कुठे लावावी याबद्दल काही सांगत नाही. आम्ही आत जाईपर्यंत समोरच्या आणि शेजारच्या उंबऱ्यांवर माणसे येऊन उभी राहिली होती.

सिस्टर खाली सतरंजीवर ताठ बसल्या. मी विचारले, पासवर्ड कुणाला सांगितला होता का. नाही. कुठे लिहून ठेवला होता का. नाही. मुलीला ओळखता का. त्यावर म्हणाल्या, ओळखते. फाइल तुम्ही उघडली का.

“न्हाय साहेब. त्या दुपारी कॉम्प्युटर मलाच आत घेत नव्हता. चार डाव पासवर्ड घातला. मग नाद सोडला आन् पेशंटला जेवाण द्यायला गेले.”

अशी उत्तरे मी आयुष्यभर ऐकली होती. चोर म्हणतो मी त्या दिवशी गावातच नव्हतो, तसेच हे, असे मी मनाशी धरले. राइटरने जबाब आमच्या पद्धतीप्रमाणे कन्नडमध्ये लिहिला आणि सही घेण्याआधी वाचून दाखवला. सिस्टरांचे शिक्षण मराठी शाळेतले, पण कन्नड त्यांना समजत होते. ऐकता ऐकता एका शब्दाला त्यांनी हात वर केला.

“आरोपी कवा झाले मी?”

राइटरने सवयीने तो शब्द लिहून टाकला होता. मी तो दुरुस्त करायला लावला. सही करताना त्यांचा हात स्थिर होता. मला मात्र पेनाकडे बघवले नाही.

महिला कॉन्स्टेबल येळ्ळूरच्या बाजूचीच होती. आठवड्याभराने तिने सहज सांगितले, की सिस्टरांकडे गल्लीतली बायामाणसे रोज बीपी बघायला, इंजेक्शन घ्यायला यायची, ती आता येत नाहीत. ज्या बाईने दुसऱ्याचे आजारपण बाजारात मांडले तिच्यापुढे दंड उघडा कोण करणार? मी ऐकले आणि पुढच्या कामाला लागलो.

मग एके दिवशी ती मुलगी ठाण्यात आली. निपाणीहून बसने, एकटी, शाळेची साडी नेसून. तिचा जबाब आम्ही घेतलेला नव्हता, कारण तिच्या वडिलांनी हात जोडून सांगितले होते, साहेब, पोरीला यात ओढू नका, जेवढा बोभाटा झाला तेवढा बास. तिचे येणे वडिलांना ठाऊक नव्हते. बाहेर बाकावर दोन-तीन फिर्यादी बसले होते. मी तिला केबिनमध्ये बसवले, महिला कॉन्स्टेबलला आत बोलावले आणि दार लोटायला सांगितले. ती म्हणाली, दार उघडे असले तरी चालेल.

तिने शांतपणे सांगायला सुरुवात केली. त्या वर्षी तिचे बोलणे बंद झाले होते. जेवण सुटले, अंघोळ सुटली. घरच्यांनी आधी देवऋषी केले, मग बेळगावला आणून दाखल केले. नात्यात सांगताना कावीळ झाली म्हणून सांगितले. वॉर्डात सिस्टर रोज सकाळी तिच्या डोक्याला तेल लावून वेणी घालत. ती ओरबाडायची, तरी घालत. एकदा तिचे सख्खे काका चौकशी करत वॉर्डाच्या दारापर्यंत आले. सिस्टरांनी त्यांनाही काही सांगितले नाही. पेशंटच्या वडिलांना विचारा, एवढेच म्हणाल्या.

“सख्ख्या काकाला सांगितलं न्हाई सर, त्या परक्याला फोटो काढून धाडतील?” ती म्हणाली. “आमचे आप्पा म्हणतात, केस मिटवा, गप बसा. मी पण बसले असते. पण माझी लाज झाकायला सिस्टर आक्काला उघडं पाडायचं का?”

तिने हे सगळे जबाबात लिहून घ्यायला सांगितले, आजाराच्या नावासकट. राइटर आजाराच्या शब्दाशी अडखळला, तर तिनेच त्याला तो कन्नडमध्ये सांगितला. ती गेल्यावर मी तिचा जबाब पुन्हा वाचला. तीस-बत्तीस वर्षे नोकरी केलेल्या मी तपासाची पहिली पायरी गाळली होती, आणि ज्या बाईच्या अंगावर गुन्हा ढकलला तिच्यासाठी एक जखमी मुलगी आपले आजारपण ठाण्यात मांडून गेली होती.

दुसऱ्या दिवशी मी साध्या कपड्यांत हॉस्पिटलात गेलो. संगणक विभागात गेलोच नाही. औषधाच्या काउंटरवर, भरतीच्या काउंटरवर, मुलांच्या वॉर्डात जाऊन एकच प्रश्न विचारला, त्या दुपारी तुमचा संगणक चालू होता का. औषधवाल्याला पक्के आठवत होते. रांग दारापर्यंत गेली होती, पासवर्ड कुणाचाच घेत नव्हता, लोकांच्या शिव्या खाल्ल्या होत्या. भरतीच्या काउंटरवरही तेच. म्हणजे सिस्टर खरे बोलत होत्या. शिवाय प्रश्न उलटाच झाला. ज्या वेळी आख्ख्या हॉस्पिटलात कुणालाच आत जाता येत नव्हते, त्या वेळी एकट्या सिस्टरांच्या नावाने फाइल उघडली कशी?

हा प्रश्न घेऊन मी सायबर ठाण्यातल्या एका महिला सबइन्स्पेक्टरकडे गेलो. धारवाडकडची, इंजिनिअर होऊन खात्यात आलेली. तिने दोन दिवस हॉस्पिटलच्या यंत्रणेत घालवले आणि मग मला कळेल अशा भाषेत सांगितले. तिथला प्रत्येक संगणक माणसाला आत सोडण्याआधी एका मुख्य यंत्रणेला विचारतो, हा कोण, याचा पासवर्ड खरा आहे का, याला काय बघायची परवानगी आहे. तिला डिरेक्टरी सर्व्हर म्हणतात. बाहेरून आलेली विचारणा ठेवून घ्यायला ही यंत्रणा आपल्या मेमरीत ठरावीक जागा राखते. त्या सॉफ्टवेअरच्या जुन्या आवृत्तीत एक खोट होती. विचारणा मुद्दाम वेडीवाकडी आणि लांबलचक करून पाठवली, तर ती किती मोठी आहे हे न बघताच सर्व्हर ती लिहीत सुटायचा, आणि ती राखीव जागा ओलांडून शेजारच्या जागेवर उमटायची. शेजारी असते सर्व्हरचे स्वतःचे काम, पुढे काय करायचे ते. तेच बिघडले की सर्व्हर कोसळतो. आणि पाठवणारा जाणता असेल, तर कोसळण्याऐवजी त्याचे ऐकू लागतो. मग पासवर्ड लागतच नाही. खुद्द सर्व्हरच म्हणतो, या सिस्टर आहेत, यांना आत सोडा.

त्या दुपारी कुणीतरी हा प्रयोग केला होता. आधी सर्व्हर दोन-तीनदा कोसळला, म्हणून सगळे खोळंबले. मग तो प्रयोग साधला. हे बाहेरून नव्हे, हॉस्पिटलच्याच आतल्या तारेवरून झाले होते.

उठता उठता सबइन्स्पेक्टरने आणखी एक गोष्ट सांगितली. ही खोट जगजाहीर होती, ती बुजवणारे अपडेटही केव्हाच आले होते. या हॉस्पिटलात ते बसवले गेले, पण फिर्याद दिल्यानंतरच्या पहिल्या रविवारी.

म्हणजे आम्ही येळ्ळूरला जीप घेऊन जाण्याच्या आधी.

संगणक विभागाचे प्रमुख खानापूरचे. मऊ बोलणारे, कपाळाला गंध लावणारे, वर्षानुवर्षे त्याच हॉस्पिटलात इमानाने राबलेले गृहस्थ. पहिल्या भेटीत त्यांनी मला सांगितले होते, साहेब, नोंद स्पष्ट आहे, माझा नाइलाज आहे. मी त्यांना ठाण्यात बोलावले. चहा मागवला. आवाज चढवून काम होते अशी माणसे वेगळी असतात. अब्रूने जगलेल्या माणसाला गप्प बसून ऐकणारा समोर लागतो. खानापूरच्या भाताचे, लोंढ्याच्या गाडीचे बोलून झाले. मग मी विचारले.

“सिस्टरांनी स्वतःच्या किल्लीने दार उघडलं म्हणता. मग तुम्ही रविवारी कुलूप का बदललंत?”

त्यांनी कप खाली ठेवला.

मग त्यांनी सगळे सांगितले. रक्त तपासणीच्या यंत्रांची देखभाल करायला एका कंपनीचा इंजिनिअर महिन्या-दोन महिन्यांनी येत असे. त्याने या घटनेच्या बऱ्याच आधी कँटीनमध्ये त्यांना तोंडी सांगितले होते, तुमचा सर्व्हर जुना आहे, त्यातून कुणीही आत शिरेल. अपडेट बसवायला काही तास सर्व्हर थांबवावा लागला असता. त्यांनी वर विचारले, वरून उत्तर आले की हॉस्पिटल थांबवता येत नाही. त्यांनी पुन्हा विचारले नाही. इंजिनिअरने पुढच्या खेपेला परत विषय काढला, तेव्हा यांनी त्यालाच झापले, तू तुझी यंत्रं बघ.

“सिस्टरचं नाव दिसलं तवा मला हायसं वाटलं, साहेब,” ते म्हणाले. “म्हटलं, चला, सर्व्हरचं काय न्हाय. दुसऱ्या दिवशी नीट बघितलं तर सर्व्हरचंच होतं. तवर त्यांचं कार्ड काढून घेतलं होतं. मग मला बोलायलाच आलं न्हाय.”

“रोज कामावर जात होतात?”

“जात होतो. त्यांच्या वॉर्डावरनं जायचं टाळत होतो.”

ते रडले नाहीत. रडले असते तर मला सोपे गेले असते. सही झाल्यावर त्यांनी विचारले, हे घरी कळवावे लागेल का. मी म्हणालो, कळेलच. ते मान हलवून उठले आणि दाराऐवजी भिंतीकडे निघाले. हवालदाराने हात धरून त्यांना बाहेर नेले.

त्या दुपारी यंत्राच्या कामाला आलेला तो इंजिनिअर निपाणीचा निघाला. तिशी ओलांडलेला, घरी बायको, लहान मूल. रीतसर पंचनामा करून लॅपटॉप जप्त केला. त्याने फार आढेवेढे घेतले नाहीत. झापल्याचा राग डोक्यात बसला होता. त्या दुपारी यंत्र दुरुस्त करता करता त्याने आपला लॅपटॉप तारेला जोडला आणि आपण म्हणत होतो ते खरे करून बघितले. मी विचारले, सिस्टरचेच नाव का घेतले. म्हणाला, मानसोपचारच्या स्टाफमध्ये ते पहिले दिसले म्हणून. सिस्टरांची आणि त्याची कधी दृष्टिभेटही नव्हती. आणि त्या मुलीचीच फाइल का? आपल्या भागातले कोण आहे बघू, म्हणून त्याने आसपासच्या गावांची नावे टाकली. ओळखीचे नाव दिसले. निपाणीला शाळेत ती त्याच्या मागच्या वर्गात होती. पडद्याचा फोटो काढून त्याने एका मित्राला पाठवला, बघ, म्हणत नव्हतो का. मित्राची बायको मुलाकडच्या भावकीतली. पुढचा रस्ता फोटोने आपोआप काढला.

“तिचं लग्न मोडावं असं माझ्या मनात बी नव्हतं,” तो म्हणाला.

ते खरे असावे. कुणाच्याच मनात काही नव्हते. त्याला आपले म्हणणे खरे करायचे होते, प्रमुखांना नोकरी सांभाळायची होती, ट्रस्टला नाव सांभाळायचे होते आणि मला निवृत्तीआधी फाइल बंद करायची होती.

दोषारोपपत्र तयार होण्याआधीच मी येळ्ळूरला गेलो. सिस्टरांना मीच सांगावे असे वाटले. त्यांना अवघडल्यासारखे होऊ नये म्हणून साध्या कपड्यांत, हवालदाराच्या स्कूटरवर मागे बसून गेलो. त्यांनी सगळे ऐकून घेतले. मी म्हणालो, आमची चूक झाली. नवऱ्याने डोळे पुसले. सिस्टर मात्र दाराबाहेर बघत होत्या.

“जीप आणली न्हाय?”

“नाही.”

“आणायची हुती साहेब. त्या दिशी जीप समद्या गल्लीनं बघितली. आज तुमी आलतासा ते कोण बघणार?”

दुसऱ्या दिवशी गणवेश घालून, जीप घेऊन गेलो. जीप त्याच जागी उभी केली. माणसे उंबऱ्यावर आली तेव्हा मी बाहेरच उभा राहिलो आणि मोठ्या आवाजात सांगितले, की या बाईंचा काहीही दोष नाही, त्यांच्या नावाने दुसऱ्याने चोरी केली. भाषण करायची मला सवय नाही. दोन वाक्यांत संपवले. कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. माणसे हळूहळू आत गेली. शेजारची एक बाई तेवढी थांबली आणि सिस्टरांना म्हणाली, संध्याकाळी येऊ का, डोकं लई जड हाय. सिस्टर ‘ये’ म्हणाल्या.

हॉस्पिटलने त्यांना फोनवरून कामावर रुजू व्हायला सांगितले होते. त्या गेल्या नाहीत. ज्या हॉलमध्ये कार्ड काढून घेतले तिथेच, तेवढ्याच माणसांसमोर ते परत द्या, असा त्यांनी निरोप धाडला. ट्रस्टला हे पचायला वेळ लागला, पण शेवटी तसे झाले. संगणक प्रमुख राजीनामा देऊन खानापूरला गेले. कोर्टात साक्षीला उभे राहिले तेव्हा त्यांनी एक अक्षर लपवले नाही. सिस्टर बाकावर बसल्या होत्या. सिस्टरांकडे बघायचे धैर्य मात्र त्यांना तेव्हाही झाले नाही.

खरा प्रकार बाहेर आल्यावर मुलाकडच्यांचा निरोप फिरला. गैरसमज झाला, आता पुढे जाऊ. मुलीचे वडील हरखून मला सांगायला आले. मुलगीही बरोबर होती. ती माझ्यादेखत वडिलांना म्हणाली, “आप्पा, गैरसमज कसला? मी आजारी होते हे खरंच हाय. त्यांचं काय बदललं?” वडिलांनी माझ्याकडे आशेने बघितले. मी खिडकीकडे बघितले. जाताना त्यांनी एवढेच विचारले, साहेब, आम्ही कावीळ सांगितली, तिथंच चुकलं काय? माझ्या घरात असे घडले असते तर मीही कावीळच सांगितली असती.

सर्व्हरमधली खोट मला पूर्ण समजली असे मी म्हणणार नाही. एवढे कळले, की ती माहीत असणारी माणसे होती, बुजवायचा उपाय होता, आणि तो काही तासांचा होता. राखीव जागेबाहेर काय काय सांडते ते मात्र मी माणसांत पाहिले. ज्यांनी काही केले नव्हते त्या दोन बायका मान खाली घालून फिरत होत्या, आणि आम्ही बाकीचे रोज वेळेवर कामावर जात होतो. तेव्हापासून, हातात आयते नाव आले की आधी मी ते बाजूला ठेवू लागलो. नोकरीचे थोडेच दिवस उरले होते. ही अक्कल फार उशिरा आली.

हे लिहिण्याआधी मी त्या मुलीला फोन केला. ती अजून निपाणीलाच शिकवते. लिहू का, म्हणून विचारले. ती म्हणाली, लिहा की सर, माझं नाव घालून लिहा, मला कशाची लाज न्हाई. मी कच्च्या मजकुरात तिचे नाव लिहिले होते. मग खोडले. परवानगी तिची आहे, आणि तिचा मला भरवसाही आहे. तुमचा-माझा भरवसा अजून वाटत नाही.